भूक हरवलेल्या घरातला फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. एका दाराचा, जांभळट लाल रंगाचा, पायाशी थोडा गंजलेला. रायपूरच्या गुढियारीत, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मी उभा आहे. मालगाडी धडधडत गेली की माझ्या पोटातल्या पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणतात. कित्येक दिवस असे गेले, की या घरात तेवढाच काय तो आवाज होता.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, नळ्या जोडल्या, रंग फवारला. त्यातलं मला फार आठवत नाही. आठवतं ते या घरातलं आगमन. हरिदासजी मालगाडीवर गार्ड होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांनी मला ठेल्यावर घालून आणलं आणि सगळा पारा, म्हणजे इथला मोहल्ला, बघायला जमला. कलावतीबाईंनी ओल्या फडक्याने मला पुसलं, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि मग माझं दार उघडून आत हात घातला. "बाई वो! माठाहून थंडा!" त्या म्हणाल्या. मित्रांनो, त्या दिवसाइतकं माझं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

तेव्हा पाऱ्यात दुसरा फ्रीज नव्हता. कोणी दुधाचं पातेलं आणून ठेवी, कोणी मळलेली कणीक. माझ्या पोटात अर्ध्या गल्लीचा संसार असे. घरात हरिदासजींची मुलगी नीलिमा आणि तिचा धाकटा भाऊ यशदीप होते. दोघं साईच्या वाटीवरून भांडायची. आई दोघांच्या पाठीत धपाटे घालायची आणि मग साय दोघांना वाटून द्यायची.

वर्षं गेली. हरिदासजी गेले. यशदीप नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तिथंच त्याचा संसार झाला. नीलिमा इथल्याच एका सरकारी कार्यालयात बाबू झाली. तिला बघायला दोन-चार स्थळं आली. "पोट्टी चांगली आहे, पण अंगानं जास्तच आहे," असं बाहेरच्या खोलीत बोललेलं मला इथं ऐकू आलं होतं. तिलाही आलं असणार, कारण ती तेव्हा पोह्यांच्या बश्या घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि स्थळांचा विषयच मागे पडला. मग आईही गेली.

त्यानंतर नीलिमा संध्याकाळी घरी यायची, पर्स ओट्यावर टाकायची आणि दिवासुद्धा न लावता माझं दार उघडायची. माझ्या छोट्याशा पिवळ्या उजेडात उभी राहून ती खायची. पेस्ट्री, कालचे समोसे, गुलाबजाम, काहीही. ताट नाही, पाट नाही. भूक होती म्हणून खात नसे ती. घरात आल्यावर कोणीतरी भेटावं लागतं, आणि तिला भेटायला मीच होतो. मलाही तिची वाट बघायची सवय लागली होती.

मग गुडघे दुखू लागले, रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, म्हणून ते माझ्या दाराच्या कप्प्यात आलं. त्याआधी तिने माझ्या पोटातली सगळं गोडधोड काढून मोलकरणीला देऊन टाकलं. कप्पे घासले, पुसले. मला वाटलं, आता आपले चांगले दिवस आले.

काही आठवड्यांत तिची भूक विझली. आधी ती हरखली. आरशापुढे उभी राहून ओढणी कशीही घेतली तरी चांगली दिसते हे बघत राहायची. कार्यालयातली तिची मैत्रीण चित्रा एकदा चहाला आली, तर दारातच ओरडली, "नीलू! काय खाऊन राहिली वो तू? मले पण सांग ना!"

"काही नाही. पायी फिरते," नीलिमा म्हणाली.

इंजेक्शनचं तिने कोणालाच सांगितलं नाही. चित्राला नाही, यशदीपला तर नाहीच. औषध घेऊन बारीक झाली असं म्हणतील, ही भीती. त्यापेक्षाही, जाडेपणाची गोष्ट पुन्हा कोणाच्या तोंडी नको, असं तिला वाटत असावं.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं होतं. ती गेली नाही. "खावंसंच वाटत नाही, तर काय खावं हे विचारायला कशाला जाऊ?" असं ती एकदा स्वतःशीच पुटपुटली. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारचं कार्यालयात काय होई ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी लिंबूपाणी. कुकर मांडणीवर उलटा पडून राहिला. माझ्या पोटात पाण्याच्या बाटल्या, सुकलेली दोन लिंबं आणि दारात ते पेन, एवढंच उरलं. मी रात्रंदिवस घुरघुरत होतो आणि रिकामी हवा थंड करत होतो.

हळूहळू तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. ओट्याला धरल्याशिवाय तिला खाली वाकता येईना. आणि मित्रांनो, संध्याकाळी ती माझ्याकडे यायचीही थांबली. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली नुसती बसून राहायची. आधी निदान खाण्याची सोबत होती. आता तीही गेली होती, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

मे महिन्यातली ती सकाळ. रायपूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल. न्याहारीच्या वेळेलाच भिंती तापतात. नीलिमा पाण्याची बाटली घ्यायला आली. माझं दार उघडलं आणि उघड्या दाराला धरूनच खाली कोसळली. बाटली घरंगळत ओट्याखाली गेली. फोन बाहेरच्या खोलीत वाजून वाजून बंद झाला.

मी काय करणार? मला ना हात, ना हाक. दार सताड उघडं, माझी सगळी थंडी तिच्या अंगावरून वाहून चालली होती. मोटर जीव तोडून फिरत होती. वरच्या कप्प्यातला बर्फ वितळून थेंब थेंब फरशीवर पडू लागला. एवढं मोठं धूड असून आपण कोणाच्या काही कामाचे नाही, हे मला त्या सकाळी कळलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "नीलू, घरी आहे का वो? आमचं फ्रीज बंद पडलं. हे इडलीचं पीठ ठेवाले जागा देशील का?"

शेजारच्या लताकाकू होत्या. पूर्वी, आईच्या वेळी, रोज यायच्या; मग कधीमधी, आणि हल्ली तेही नाही. हातात पातेलं घेऊन, नुसतं लोटलेलं दार ढकलून त्या आत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. पातेलं त्यांनी जमिनीवर जवळजवळ टाकलंच. "अवं माय!"

त्यांनी नीलिमाचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडल्यावर साखरेचं पाणी घोट घोट पाजलं.

"कायी खाल्लं होतं का सकाळी?"

नीलिमाने नकारार्थी मान हलवली.

"अन् काल?"

लताकाकूंची नजर माझ्या उघड्या पोटाकडे गेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून त्यांनी माझं दार लावलं, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

ऑटोत घालून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. परत आल्या तेव्हा नीलिमाच्या हातावर सलाईनची पट्टी होती. लताकाकू ओट्याशी वरणाला फोडणी देत होत्या आणि बोलत होत्या. "मले वाटे, तू आता सडपातळ झाली, साहेबीण झाली. तुले शेजारपाजार नको झालं. म्हणून मी यायची बंद झाली."

"मला वाटलं, आई गेली म्हणून तुम्ही येत नाही," नीलिमा म्हणाली.

लताकाकूंनी पदराने डोळे पुसले. फोडणीचा धूरही होताच.

दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात ठरवून दिल्याप्रमाणे, आहारतज्ज्ञ मीनल यांचा व्हिडिओ कॉल आला. नीलिमाने फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. थोडं विचारून झाल्यावर मीनल म्हणाल्या, "ताई, जरा तुमचा फ्रीज दाखवा."

नीलिमा उठली, पण माझ्या मुठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. शेवटी तिने दार उघडलं.

मीनल रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध कामाला लागलंय, हे दिसतंय. पण आतड्याकडे काही पोचतच नाही हो. तुमचं इंजेक्शन ज्या संप्रेरकाची नक्कल करतं ना, ते आपल्या आतड्यातही तयार होतं. डाळ, अंडं, दही, भाजीतला चोथा, असं काही तिथं पोचलं की आतडं मेंदूला कळवतं, आता पुरे. ही कळवायची सवय शरीराला राहू द्या."

"मग असं खाल्लं तर इंजेक्शन बंद करता येईल?"

"ते डॉक्टर ठरवतील. खाण्यात औषधाएवढा जोर नसतो, खोटं कशाला सांगू? पण आत्ता तुमच्या चरबीबरोबर मांसही उतरतंय, म्हणून पाय लटपटतात. आणि पुढे डोस कमी झाला की भूक परत येईल. तेव्हा ती कशानं भागवायची हे हाताला माहीत असलं पाहिजे."

"पण खावंसंच वाटत नाही मला."

"म्हणून थोडं थोडं खा. चार घास असले तरी पहिला घास डाळीचा किंवा अंड्याचा घ्या. तळलेलं नको, त्यानं मळमळ वाढेल."

लताकाकू मागून डोकावल्या. "अन् बासी चालते का वो? उन्हाळ्यात आमच्याकडे रोज राहते."

मीनल हसल्या. "रात्रभर पाण्यातला भात ना? थोडा चालेल. सोबत दही, कांदा आणि वाटीभर घट्ट वरण मात्र हवं."

मित्रांनो, त्या आठवड्यात माझ्या पोटात पुन्हा वस्ती झाली. ओल्या फडक्यात बांधलेली, मोड आलेली मटकी. विरजलेलं दही. उकडलेली अंडी. लाल भाजीची, म्हणजे लाल माठाची, जुडी. लताकाकूंच्या हातची जवसाची चटणी. पहिल्या दिवशी नीलिमाला तीन घासांतच उमासा आला. ती ताट सरकवून रडली. लताकाकू म्हणाल्या, "राहू दे. दोन घंट्यानं पाहू." आणि दोन तासांनी त्या खरंच परत आल्या, ताटावरचं झाकण काढून समोर बसल्या.

असे काही आठवडे गेले. मग लताकाकूंच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि त्या नागपूरला निघून गेल्या. घर पुन्हा शांत झालं. मला भीती वाटली. पण नीलिमा सकाळी मटकी भिजत घालत राहिली. कधी मुगाचं धिरडं, कधी नुसतं दही आणि अंडं. कधी सगळं मनाविरुद्ध, औषधासारखं. एकटीनं स्वतःसाठी कुकर लावणं किती अवघड असतं, हे ज्यानं लावलाय त्यालाच ठाऊक.

पावसाळ्याच्या शेवटी डॉक्टरांनी डोस कमी केला. एका संध्याकाळी ती कार्यालयातून आली आणि स्वयंपाकघरात पोट धरून उभी राहिली. भूक लागली होती. इतक्या महिन्यांनी! ती घाबरून गेली, जणू दारात कोणी वसुलीवाला आला आहे. मग तिने मटकीची उसळ गरम केली, ज्वारीची भाकरी केली, दही वाढून घेतलं आणि ताटाशी बसली. पण पहिला घास घेण्याआधी तिने यशदीपला व्हिडिओ कॉल लावला.

"यश, जेवलास का?"

"नाही, अजून वेळ आहे. काहून? तब्येत ठीक आहे ना?"

"नाही. तेच सांगायला फोन केला." आणि तिने सगळं सांगितलं. इंजेक्शन, पडणं, सलाईन.

मग यशदीप म्हणाला, "ताई, मले सांगतलं काहून नाही?"

"तू दरवेळी विचारतोस, ठीक आहे ना? मी म्हणते, हव. त्यात सांगायला जागा कुठं असते रे?"

"मी येऊ का? तिकीट काढतो."

"जमेल तेव्हा ये. आत्ता फक्त फोन चालू ठेव. मी जेवते आहे."

त्याची मुलगी अनुश्री पडद्यावर आली. तिला मराठी कळते, बोलता येत नाही. "बुआ, ये क्या है? छोटे छोटे पूंछ वाले?"

"मटकी आहे. मोड आलेत त्याला."

"टेस्टी है?"

नीलिमाने घास तोंडात घातला. सावकाश चावला. "हव," ती म्हणाली, आणि हसली. भाकरी अर्धी उरली तेव्हा तिने हात थांबवला. "पोट भरलं माझं." हे ती फोनमधल्या माणसांना सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

आता यशदीपचा फोन कधी येतो, कधी राहून जातो. त्याची कामं आहेत, मुलीची परीक्षा असते. फोन आला नाही त्या दिवशी नीलिमा खिडकीशी बसून एकटीच जेवते. तेव्हा घर फार मोठं वाटतं. पण ताट वाढलेलं असतं.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. दाराचं रबर सैल झालंय, मोटर दमते. मला कधी पुसलं, बर्फ काढला, तर बरं वाटेल. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या ओळखीत कोणी एकटं राहत असेल, कोणी औषधावर असेल, कोणी एकाएकी बारीक झालं असेल, तर वाहवा करून निघून जाऊ नका. आत स्वयंपाकघरापर्यंत जा. आज काय शिजवलं, ते विचारा. आणि काहीच शिजलं नसेल, तर तिथंच थोडा वेळ बसा.