फाटक्या कोपऱ्याचे दोन दिवस

छाटलेल्या काडीच्या टोकाशी एक थेंब जमला होता, पडत नव्हता. तिकडे फ्रान्सात, मोंपेलिएच्या शेतकी विद्यालयात, याला वेलीचे रडणे म्हणत, आणि रामहरीने तेव्हाही त्या शब्दाला हरकत घेतली होती: मुळांनी ओढलेले पाणी जखमेच्या वाटेने बाहेर येते, त्यात रडण्यासारखे काय आहे? आज, माळेगावच्या स्वतःच्या बागेत, कालव्याच्या पाण्यावर वाढवून पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या वेलींसमोर, त्याचे मत तेच होते. मत होते, त्यापलीकडे काही जाणवत नव्हते.

"कात्री ठेव, रामहरी. कागद लिवायचाय."

आई बांधावरून आली ती हातात कोरे कार्ड घेऊनच. शेजारचा झुंबर पहाटे गेला होता. त्याचा मुलगा संभाजी पलटणीत, एडनला. झुंबरची बायको बनाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिला शब्द सुचत नव्हते. म्हणून शब्द आईने आणले होते. रामहरी विहिरीच्या कठड्यावर बसला. आईने आधी कार्डाचा कोपरा चिमटीत धरून फाडला—वाचणाऱ्याला वाचण्याआधीच कळावे, की कोणीतरी गेले.

तसाच कोपरा… चौतीस सालचा सप्टेंबर, मोंपेलिएतली शनिवारची सकाळ. घरमालकिणीने लिफाफा हाती देताना टपालवाल्यांच्या निष्काळजीपणाबद्दल दिलगिरी दाखवली, आणि तो म्हणाला, काही हरकत नाही. लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात गेला. कोणीतरी गेले हे कळले होते, कोण ते नव्हते. आणि न उघडलेल्या पत्रात चौघेही—वडील आबाजी, आई, धाकटा भाऊ दत्तोबा, बायको कौसल्या—सारख्याच हक्काने जिवंत होते. हा युक्तिवाद त्याला निर्दोष वाटला. अजूनही वाटतो. दर शनिवार-रविवारप्रमाणे तो सोबत्यांबरोबर फिरायला निघाला. शनिवारी एका प्राध्यापकाच्या द्राक्षमळ्यात. तोडणी चालू होती, उन्हाने कोमट झालेली काळी द्राक्षे तोंडात टाकत तो ओळींमधून चालला, आणि चालताना चौघांना मनात एकेक करून पुढे बोलावले: गेलेले कोण असावे? आई नको. कौसल्या नको. दत्तोबा नको, शेत कोण पाहील? उरले आबा—सगळ्या भावकीचा रोष पत्करून ज्यांनी मला समुद्रापार धाडले ते आबा—आणि मी म्हणालो, तोंडाने नव्हे, पण म्हणालो: चालेल. रविवारी छोट्या आगगाडीने समुद्रावर. पोहलो, तळलेले मासे खाल्ले, कोट वाळूवर घडी करून ठेवलेला. सोमवारी लिफाफा उघडला. आबाच होते. ताळा बरोबर जुळावा तसे काहीतरी वाटले, आणि मग काहीच वाटेनासे झाले, ते आजतागायत…

घरी त्याने लिहिले होते: 'पत्र पावले. समुद्रात स्नान केले.' दोन्ही वाक्ये खरी. खोटा होता तो केवळ क्रम. त्या दोन वाक्यांवर आईने अडीच वर्षे काढली होती. इंदापूरच्या बाजारापासून डाळजच्या नणंदेपर्यंत तिने ती गोष्ट पोचवली होती.

"लिव," आई सांगत होती, "तितं कुणापाशी रडाया मिळंना तर समंदरावर जा. आमच्या रामहरीनं कागद हातात पडल्या पडल्या आबांच्या नावानं समंदरात आंघूळ केली. तसं कर. बापाला पोचंल."

'आमच्या रामहरीनं' इथपर्यंत लेखणी आली आणि थांबली. आईपुरते ते खोटे त्याने निमूटपणे सांभाळले होते. पण एडनच्या किनाऱ्यावर एक माणूस उद्या त्याच्या दाखल्यावर विसंबून पाण्यात उतरेल—

"आई, मी कागद सोमवारी उघडला. आंघोळ रविवारची."

आईने हातातला कागदाचा तुकडा बोटांनी चोळला.

"कोपरा दिसला न्हाय व्हय?"

"दिसला. शनिवारीच."

"मग दोन दिस खाल्लंस काय?"

आरोपांची उत्तरे त्याच्यापाशी क्रमवार तयार होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

"द्राक्षं. मासे. सगळं."

"आन् झोप?"

"लागली."

"बरं." तिने कार्डावर बोट टेकवले. "ते आंघुळीचं खोड. जेवून घे म्हनावं. कुनाची वाट बघू नगं, जेव. लिव बिगीनं, बनी खोळंबलीया."

त्याने ओळ खोडली. 'बरं' या शब्दाचे निदान तीन अर्थ संभवत होते: क्षमा, तिटकारा, किंवा नुसती घाई. प्रत्येकाच्या बाजूने बोलता आले असते. धाकटा अपराध सांगून झाला होता, मोठा आतच होता: मळ्यातला तो शब्द, 'चालेल'. अडीच वर्षे तो शब्द त्याच्यात दगडासारखा पडून होता, ना जड ना हलका. आणि आता, 'जेवून घे' लिहीत असताना, तो आईला कधीही कळू नये असे त्याला वाटले—इतके तीव्रपणे वाटले, की पुढचे अक्षर काढण्याआधी त्याला श्वास घ्यावा लागला.