पाकीट क्रमांक दोनशे सतरा

माझ्या पोटात सतरा कागद आहेत. कॉर्नेटचे पाच, फ्लूगलहॉर्नचा एक, टेनर हॉर्नचे तीन, बॅरिटोनचा एक, युफोनियमचा एक, ट्रॉम्बोनचे दोन, ट्यूबाचे दोन, ढोलाचा एक आणि सगळ्यांचे सूर एकाखाली एक लिहिलेला बँडप्रमुखाचा एक. शिवाय वाळवीनं पाडलेली चार भोकं, १९३८ सालच्या पेस्टीचा, म्हणजे मटण-बटाट्याच्या मोठ्या करंजीचा, एक डाग आणि एक वाळलेली माशी. मित्रांनो, मी एक जुनं तपकिरी पाकीट आहे. टालबरी गावच्या पितळी बँडच्या कपाटात माझा क्रमांक दोनशे सतरा.

माझा जन्म १९३१ सालचा. तांब्याची खाण बंद पडली होती. निम्मा गाव गव्हाच्या हंगामाला किंवा ॲडलेडला निघून गेला होता आणि बँडमध्ये सोळाच माणसं उरली होती. खाणीतला पंप सांभाळणारा एलायस पोलग्लेज आता रिकामाच होता. त्यानं चॅपलमधल्या एका जुन्या प्रार्थनेची चाल घेतली आणि उरलेल्या सोळा जणांना पुरेल अशी ती मांडली. गाणं, म्हणजे वरची मुख्य चाल, त्यानं टेनर हॉर्नला दिलं, कारण हॉर्न तो स्वतः वाजवायचा. एलायस पंपाच्या बाबतीत काटेकोर होता, कागदाच्या बाबतीत नव्हता. पहिल्या हॉर्नच्या पानावर त्यानं वाद्याचं नाव न घालता फक्त 'ई-फ्लॅट' अशी पट्टी लिहिली आणि लहान ट्यूबाच्या पानावरही फक्त 'ई-फ्लॅट' असंच लिहिलं. हे लक्षात ठेवा.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. सात वर्षांत मी एकतीस वेळा वाजलो. बायका डोळे पुसायच्या, पुरुष धूळ गेल्याचं सांगायचे. मग बँड वाढला, चकचकीत छापील संगीत आलं आणि मी खालच्या कप्प्यात गेलो. छत्तीस वर्षं माझ्याकडे वाळवीशिवाय कोणी लक्ष दिलं नाही.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये कपाट उघडलं. उघडणारी होती ग्लेनिस हॉस्किंग. ही आमची बँडप्रमुख, पोस्टात काम करायची आणि माणसांकडेसुद्धा चुकीचा पत्ता लिहिलेल्या पार्सलासारखी बघायची. सोबत दोघं होते. नेव्ह रंडल हा पहिला कॉर्नेट, म्हणजे छोट्या तुतारीसारख्या वाद्याचा मुख्य वादक. त्याचे केस आणि त्याचे वरचे सूर दोन्ही फार वर जात. दुसरा क्लॅरी ट्रेम्बाथ. वय एकसष्ट, वाद्य लहान ट्यूबा, म्हणजे बँडचे खालचे जाड सूर, चौतीस वर्षं बँडमध्ये.

"वीस वर्षांत जे वाजलं नाही ते बाहेरच्या पिंपात जाळायचं," ग्लेनिस म्हणाली. "आणि स्पर्धेसाठी काय वाजवायचं ते आजच ठरवायचं. सहा आठवडे उरलेत."

"ठरलेलंच आहे," नेव्ह म्हणाला. त्यानं सिडनीहून मागवलेलं नवंकोरं संगीत पुढे केलं. मुखपृष्ठावर बुडणारं जहाज होतं.

"यात ट्यूबाला काही आहे का?" क्लॅरीनं विचारलं.

"पाया आहे."

"पाया मी बराच भरलाय, बाबा. एखादी खिडकी नाही का?"

मित्रांनो, हा प्रश्न गमतीचा नव्हता. क्लॅरीचे वरचे दात हलत होते. दातांच्या डॉक्टरांनी त्याला स्पर्धेनंतरच्या सोमवारची वेळ दिली होती, सगळे वरचे काढायला. वरचे दात गेले की ट्यूबाही गेला. कवळी लावून फुंकणारे असतात म्हणे, पण टालबरीत कोणी पाहिलेला नाही. आता हिशेब करा. कवायतीच्या एका धुनेत ट्यूबाला साधारण एकशे अठ्ठावीस वेळा 'पूं' करायचं असतं. वर्षाला साठ धुना धरल्या तर चौतीस वर्षांत दोन लाख एकसष्ट हजार एकशे वीस 'पूं' होतात. गाणं मात्र एकदाही नाही. मरणाआधी म्हणजे दात जाण्याआधी एकदा तरी एक अख्खं गाणं वाजवावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि हे तोंडानं मागायची त्याला लाज वाटत होती.

संगीत निवडण्याची ग्लेनिसची एक पद्धत होती. ती सगळ्या खुर्च्या मांडायची, प्रत्येक खुर्चीवर त्या त्या वाद्याचा कागद ठेवायची आणि मग कोणत्या खुर्चीवर बसायला आपल्याकडे माणूस आहे ते बघायची. बुडणाऱ्या जहाजाला सव्वीस खुर्च्या लागल्या.

"सोळा माणसं," ग्लेनिस म्हणाली. "दहा खुर्च्या रिकाम्या."

"ट्रॉम्बोन तर दोन आहेत," नेव्ह म्हणाला.

"दीड. बर्ट मेंढ्या कातरायला गेला की एक आठवडा येतो, एक नाही."

"मग मी दोघांचं वाजवीन."

"एका वेळी?"

नेव्हनं जहाज परत पिशवीत घातलं. पुढच्या तासाभरात अकरा पाकिटं खुर्च्यांवर मांडली गेली आणि उचलली गेली. एकात सात खुर्च्या उरल्या, एकात चार. एकात घंटांचा संच लागत होता. आमच्या गावात एकच घंटा होती आणि ती शाळेची होती.

तोवर क्लॅरी जुनी पाकिटं पिंपाकडे नेत होता. मी त्याच्या हातातल्या गठ्ठ्यात सर्वांत वर होतो. त्यानं मला सहज उघडून पाहिलं. पाहता पाहता तो परत फिरला आणि माझे कागद खुर्च्यांवर ठेवू लागला. सोळा कागद, सोळा खुर्च्या. ग्लेनिसनं दोनदा मोजलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"ज्याच्याकडे माणसं कमी होती त्यानं," क्लॅरी म्हणाला.

अशा रीतीनं मी निवडला गेलो. मी फार शहाणा म्हणून नाही; मी पुरलो म्हणून.

पण सुख निवांत कधी असतं? तिसऱ्या आठवड्यात बेरिल स्क्यूजला गालगुंड झालं. बेरिल आमची हॉर्नवादक, बालवर्गाची शिक्षिका. शाळेतून तिला खडूच्या धुळीशिवाय आजारच मिळायचे. तिचे गाल भोपळ्यासारखे सुजले आणि माझं गाणं पोरकं झालं; बाकीचे दोन हॉर्नवाले नवशिके होते.

त्या संध्याकाळच्या तालमीत क्लॅरी चष्मा विसरून आला. त्यानं टेबलावरचं 'ई-फ्लॅट' लिहिलेलं पान उचललं आणि वाजवायला लागला. आता हे समजून घ्या. आमच्या बँडमध्ये छोटं टेनर हॉर्न आणि हा ट्यूबा एकाच पद्धतीनं वाचतात. तीच टिंबं, तीच बोटं. फक्त ट्यूबातून सगळं एक सप्तक खाली येतं. त्यामुळे चुकीचं पान घेऊनही क्लॅरीचं काहीच चुकलं नाही. हॉर्नचं गाणं त्याच्या ट्यूबातून विहिरीतून यावं तसं वर आलं. चार ओळी होईपर्यंत त्यालाही कळलं नाही. मग कळलं, पण तो थांबला नाही.

"गाईला वासरू सापडलं वाटतं," नेव्ह म्हणाला, आणि सगळे हसले.

ग्लेनिसनं छडी खाली ठेवली. "क्लॅरी, ते पान तुझं नाही."

"वाजतंय मात्र माझ्यावर."

"अरे, पण स्पर्धेत ट्यूबानं प्रार्थना गायली तर परीक्षक तंबू सोडून बघायला येतील."

"त्यांना तंबूबाहेर यायची परवानगी नसते," क्लॅरी म्हणाला. हे खरं होतं. वाजवणारा बँड कोणता ते कळू नये म्हणून आमच्याकडे परीक्षकाला बंद कापडी तंबूत बसवतात.

"गाणं नेव्ह वाजवेल," ग्लेनिस म्हणाली. "मी त्याला कॉर्नेटच्या पट्टीत नवीन पान लिहून देते."

क्लॅरी 'बरं' म्हणाला. तालमीनंतर ग्लेनिसनं ते पान लिहिलं आणि नेहमीप्रमाणे कागद मोजले. नवीन पान धरून ते अठरा व्हायला हवे होते. पण तिला सतराची सवय होती, सतरा भरले आणि तिनं दोरी बांधली. मोजणीचा हाच धोका असतो. आकडा बरोबर आला की माणूस पुढचं बघत नाही. हॉर्नचं पान क्लॅरीच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

पुढचे तीन आठवडे ते पान कोंबड्यांच्या खुराड्यात होतं. माझं पान जिथं, तिथं मीही थोडा असतोच, म्हणून सांगतो. क्लॅरीनं ते खिळ्याला टोचलं आणि रोज सकाळी तो तिथं बसून वाजवायचा. त्याची बायको थेल्मा कॅलेंडरवर अंड्यांचा आकडा लिहायची. बारा कोंबड्या रोज अकरा अंडी द्यायच्या, त्यांची सात झाली.

"कुणी गेलंय का त्यांचं?" थेल्मानं विचारलं.

"का?"

"सुतकात असल्यासारख्या बसतात."

"ऐकतायत त्या," क्लॅरी म्हणाला.

"ऐकू देत. पण ऐकताना पाव्हणे घरी आले तर आमलेट कशाचं करू?"

स्पर्धेचा शनिवार उजाडला. सकाळी रस्त्यावरची कवायत होती आणि ऊन मी म्हणत होतं. दारूच्या दुकानासमोर लोकांनी टाळ्या वाजवल्या तसा नेव्ह आणखी वर चढला. कागदावर नव्हते ते सूरही त्यानं लावले. ग्लेनिस दातओठ खात म्हणाली, "जरा राखून ठेव, दुपारची प्रार्थना आहे."

"माझ्याकडे भरपूर आहे," नेव्ह म्हणाला.

दुपारी दोन वाजता त्याचा वरचा ओठ उकडलेल्या टोमॅटोसारखा झाला होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

आम्ही सुरू झालो. पहिल्या आठ ओळी सगळ्यांनी मिळून, हळू, चॅपलमध्ये चालावं तशा. मग सगळे दबले आणि गाणं यायची जागा आली. नेव्हनं कॉर्नेट उचललं. आतून 'फुस्स' एवढंच आलं. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. बाकीचे खाली हळूच सूर धरून राहिले होते आणि वर काहीच नव्हतं, घर बांधून छप्पर विसरावं तसं. ग्लेनिसची छडी चालत होती, चेहरा थांबला होता.

क्लॅरीनं समोरचं ट्यूबाचं पान उलटलं. त्याखाली हॉर्नचं पान होतं, त्याला एक पीस चिकटलेलं होतं. त्यानं श्वास घेतला. पाया मोठ्या ट्यूबावरच्या एकट्या कॉलिनवर सोडून क्लॅरी ट्यूबातून गायला लागला.

ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहिलं. छडी किंचित त्याच्याकडे वळली आणि तिनं बाकीच्यांना आणखी हळू केलं. पुढच्या बाकावरचा एक शेतकरी टोपी काढून बसला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर परीक्षकांचा कागद आला. ग्लेनिसनं तो मोठ्यानं वाचला: "गाणं हॉर्नचं आहे, वाजवलं ट्यूबानं. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. पुढच्या वर्षी हाच वादक ऐकायला आवडेल."

 नेव्ह सुजलेल्या ओठानं पुटपुटला, "म्हाताऱ्या, वासरू बरं होतं." क्लॅरीनं त्याला आपल्या पेस्टीतली अर्धी दिली. नेव्हला ती चावता आली नाही, पण त्यानं घेतली.

परतताना ग्लेनिसनं कागद मोजले. अठरा भरले. तिनं पुन्हा मोजले, मग पीस काढून बघितलं.

"कधीपासून?"

"गालगुंडापासून," क्लॅरी म्हणाला.

तिनं माझ्यावर पेन्सिलीनं नवीन ओळ लिहिली: 'गाणे – हॉर्न किंवा ट्यूबा'. मग मला खालच्या कप्प्यात न ठेवता डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवलं.

मित्रांनो, मी कागदाचा, माझी मागणी कागदाएवढीच. वाजवून झालं की प्रत्येक पान आपल्या पाकिटात परत ठेवा. माझ्यात खाऊ गुंडाळू नका. आणि जुनं पाकीट जाळण्याआधी एकदा उघडून, खुर्च्या मांडून बघा. तुमच्याकडे जेवढी माणसं उरली असतील, कदाचित कोणीतरी तेवढ्यांसाठीच लिहून ठेवलेलं असेल.

त्या वर्षी आम्हाला शंभरपैकी चौऱ्याऐंशी गुण मिळाले. आदल्या वर्षी अडुसष्ट होते. पाच बँडांत आम्ही दुसरे आलो. क्लॅरीचं गाणं एक मिनिट बावन्न सेकंद चाललं. सोमवारी डॉक्टरांनी त्याचे वरचे उरलेले नऊ दात काढले. गुरुवारी थेल्मानं कॅलेंडरवर लिहिलं: अंडी अकरा.