चाखणारा

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी काकूंच्या तोंडाची चव गेली. ताप आला, उतरला, पण नाकातोंडाने काम सोडलं ते सोडलंच. कांदा करपला तरी धूर डोळ्यांत जाईपर्यंत कळेना.

हे ठाऊक होतं फक्त नवऱ्याला. तो शिंपी; घरातच खिडकीशी मशीन मांडून बसायचा. इमारतीतल्या बायका दर रविवारी दुपारी एकमेकींकडे जमत. प्रत्येकीने घरचा एक पदार्थ आणायचा, कृती सांगायची, आणि इतरांनी चमचा उचलण्याआधी स्वतः चाखून त्यात काय उणं राहिलंय ते आपल्याच तोंडाने सांगायचं. लेकी लांब दिलेल्या. या दुपारी सोडल्या तर काकूंना विचारत होतं कोण? चव गेल्याचं कळलं असतं तर बायकांनी चुकचुकत बसायला खुर्ची दिली असती, पण पातेलं कुणी मागितलं नसतं.

म्हणून रविवारी सकाळी नवरा चाखायचा. "लिंबू अंमळ जास्त झालंय. तसंच सांग." काकू तसंच सांगायच्या. बायका म्हणायच्या, "काकूंची जीभ म्हणजे सोनाराचा काटा!"

मग नवऱ्याच्या पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं.

"चमचाभर चाखून काय मरतोय मी?" तो हसला.

महिना-दीड महिना बरा गेला. मग एका रविवारी काकूंनी घेवड्याचं सूप नेलं, सगळ्यांसमोर चाखलं आणि त्याने सांगितलेलं ऐटीत सांगितलं, "मीठ जरा सढळ पडलंय हं."

बायकांनी चमचे तोंडात घातले आणि एकमेकींकडे बघितलं. त्यांच्यातल्या नर्सबाई खो खो हसल्या. "काकू, सढळ? आमच्या वॉर्डातलं पथ्याचं पाणी बरं याच्यापेक्षा!"

काकूंनी घरी येऊन पातेलं आपटलं. "अहो, एवढं एक काम सांगते, तेही धड होईना? शोभा केलीत माझी!"

"अळणी खाऊन खाऊन जीभच बदलली गं. चिमूटभर मीठही खारट लागतं."

"मग आणा ताळ्यावर!" रागाच्या भरात बोलून काकू भांडी घासायला बसल्या.

दोन-चार आठवड्यांत त्याचा अंदाज पुन्हा अचूक आला. बायका पुन्हा कृती विचारू लागल्या. जीभ ताळ्यावर कशी आली, हे काकूंनी विचारलं नाही. मिठाची बरणी भराभर खाली जात होती. नवऱ्याने चपलांचे पट्टे कात्रीने कापून सैल केले होते. काकूंनी दोन्ही बघितलं. बरणीवर झाकण घट्ट लावलं आणि रविवारच्या भाज्या चिरायला घेतल्या.

शेवटच्या खेपेला त्याने पडल्यापडल्याच भोपळा चाखला. धाप लागली होती. "आज काही उणं नाही. तसंच सांग."

"डॉक्टरांना बोलावू का हो?"

"आधी जाऊन ये. पातेलं निवेल."

काकू गेल्या. तसंच सांगितलं. पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं.

पुढे आठवडाभर बायका आळीपाळीने जेवण आणत राहिल्या. समोर बसून विचारत, "काकू, मीठ बरोबर आहे ना?" काकू घास गिळायच्या आणि प्रत्येकीला सांगायच्या, "बरोबर आहे."

नवरा त्या रविवारी दुपारी, काकू घरी नसताना गेला. जुळी तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती.