पाचव्या घरची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी परडी आहे. वेताची, गोल, काठाला कवड्या ओवलेली. देवीच्या भक्तिणी मंगळवारी मला हातावर घेऊन पाच घरी जोगवा मागतात आणि मिळालेल्या पिठाची भाकरी करून देवीला दाखवतात. तुमच्याही गावात माझ्या बहिणी असतील.

तुळजापूरच्या एका बुरुडाच्या ओट्यावर मी जन्मले. किल्लारीजवळच्या एका गावातल्या धोंडाबाईंनी मला घेतलं, देवीच्या पायाला लावलं आणि मग रोज हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्या पाणी पीत नसत. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात पहाटे जमीन हलली. दगडमातीची घरं खाली बसली. धोंडाबाई गेल्या. मी त्यांच्या उशाशीच होते. तीन दिवस मी मातीखाली होते, मित्रांनो. माती किती जड असते, ते मला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी त्यांची सून कस्तुराबाई हिनं मला हातांनी उकरून काढलं, मोडलेला काठ सुतळीनं बांधला आणि सासूचं व्रत आपल्या अंगावर घेतलं.

गाव नव्या जागी वसलं. लग्नकार्यात मला पहिला मान मिळे. मग दिवस बदलले, मान कमी झाला, आठवड्यातले सहा दिवस मी खुंटीवर धूळ खात राही. पण मंगळवार कधी चुकला नाही. कस्तुराबाई घरात स्वयंपाक करी, पण दार कधी लावून घेत नसे. छताची भीती तिच्या अंगात मुरली होती. माझ्याही.

आमचं पाचवं घर शिवम्माचं. ती लिंगायत, शंकराची भक्तीण, घरी एकटीच. सोमवारी कस्तुराबाई आपल्या शेतातला बेल तिच्या पूजेला नेई आणि मंगळवारी शिवम्मा माझ्यात ज्वारीच्या पिठाची मूठ टाकी. दोघींचे देव वेगळे, पण एकमेकींच्या देवाची काळजी दोघींना.

यंदा भादव्यात जमिनीतून आवाज येऊ लागले. आधी गुरगुर, मग भांडी वाजत. सोमवारी दुपारी मोठा धक्का बसला आणि जवळजवळ सगळं गाव शेतात पत्र्याच्या शेडखाली राहायला गेलं. शिवम्माचा लेक रविकिरण त्याच सकाळी लातूरहून गाडी घेऊन येऊन गेला होता. गाडी जाताना सगळ्यांनी पाहिली. दार बंद दिसलं. म्हातारी लेकाबरोबर गेली, असं सगळ्यांनीच धरलं. कस्तुराबाईनंही धरलं, आणि त्या सोमवारी बेल नेला नाही.

मंगळवारी सकाळी ती सुनेला, पुनमला, घेऊन गावात आली. चार घरं कशीबशी मिळाली. पाचवं उघडं घर सापडेना.

"मामी, चार झाली की," पुनम म्हणाली. "गाव कसं रिकामं झालंय, देवीला काय दिसत न्हाई का?"

"पाच म्हंजे पाच."

"मग त्या शेळीला मागा जोगवा. तीच तेवढी राहिलीय."

कस्तुराबाई हसली नाही. ती शिवम्माच्या दारापुढं उभी राहिली. घरात कुणी नसलं तरी उंबऱ्यावरची चिमूटभर माती घ्यावी, शिवम्माची मूठ म्हणून तीच देवीला दाखवावी, असं तिच्या मनात आलं. "उदो गं आई" म्हणत ती वाकली.

आतून कुणीतरी कण्हलं.

"कोण हाय?" आवाज अगदी बारीक होता. "कस्तुरा?"

कस्तुराबाईनं दार ढकललं. कडी आतून होती. तिनं पुनमला शेतात पळवलं, वैजनाथला घेऊन ये म्हणून. वैजनाथ म्हणजे कस्तुराबाईचा लेक. स्वतः ती परसदारी गेली. ते दार नुसतं लोटलेलं होतं.

तिथं तिचे पाय थांबले. वर छत, भिंतीला नवी भेग. खरं सांगते मित्रांनो, तिनं मागं फिरावं असंच मला वाटत होतं.

ती आत गेली.

शिवम्मा चुलीपाशी पडली होती. घर सोडायचं नाही म्हणून लेकाला तिनं परत पाठवलं होतं आणि सोमवारच्या धक्क्यात पडून तिची कंबर धरली होती. कालपासून पाण्याचा घोट नव्हता. कस्तुराबाईला पाहताच ती म्हणाली, "माय, पिठाचा डबा वर हाय. हात पुरंना बघ."

"पिठाचं काय घेऊन बसलीस गं येडे?" म्हणत कस्तुराबाईनं तिच्या ओठाला पाणी लावलं.

तेवढ्यात जमीन गुरगुरली. भांडी वाजली, वरून माती झरली. कस्तुराबाई दाराकडे पळाली नाही. चार घरचं पीठ पदरात ओतून तिनं मला शिवम्माच्या डोक्यावर धरलं आणि स्वतः तिच्यावर वाकली. मी वेताची! मी काय अडवणार होते? धोंडाबाईंच्या उशाचा तो अंधार मला पुन्हा दिसू लागला. माझ्याखाली शिवम्मा "शिव शिव" म्हणत होती आणि वर कस्तुराबाई देवीचा धावा करत होती.

मग आवाज थांबला. वैजनाथ आणि पुनम बाज घेऊन आले. "आई, भाईर हो आधी," वैजनाथ ओरडला. पण शिवम्मा मूठ दिल्याशिवाय उठायला तयार नव्हती. शेवटी पुनमच डबा काढायला फळीपाशी गेली.

"छत पडंल, अन् म्हातारीला दान सुचायलंय," वैजनाथ बाजेची दोरी आवळत पुटपुटला.

शिवम्मानं माझ्यात मूठ टाकली. निम्मं पीठ सांडलं. दोघांनी तिला बाजेवर घालून बाहेर आणलं, ती थेट कस्तुराबाईच्या शेडखाली. तिथंच तिच्या शंकराची पूजा मांडली आणि बेल पुनमनं तोडून आणला.

पुढच्या मंगळवारी चारही घरच्या बाया कस्तुराबाईबरोबर निघाल्या. जोगवा पाचच घरांचा घेतला, पण हाक गावातल्या प्रत्येक दाराला दिली.

मित्रांनो, जमीन अजून मधूनच गुरगुरते आणि मी अजून भिते. माझं एवढंच मागणं आहे. शेजारचं एखादं दार दिवसभर उघडलेलं दिसलं नाही, तर 'गेले असतील' म्हणून पुढं जाऊ नका. उंबऱ्याशी वाका, हाक मारा, आणि कान देऊन जरा थांबा.