गाळलेली पानं

यंदा माझी एकोणीस पुस्तकं झाली, असं मी रविवारी बाइंडरला फोनवर ऐटीत सांगितलं, आणि ते धडधडीत खोटं निघालं.

बाइंडर म्हणजे छापखान्यातला माझा जुना सोबती. एकतीस वर्षं मी तिथे प्रुफं तपासली, त्याने पुस्तकं बांधली. निवृत्त झाल्यापासून आमची पैज आहे, डिसेंबरअखेर कोणाची पुस्तकं जास्त. माझी आवड त्याला तोंडपाठ आहे. प्रवासवर्णनं मला नकोत. दुसऱ्याने पाहिलेले डोंगर मी कशाला चढू? गोड शेवटाला तर मी वाऱ्यालाही उभं करत नाही. माणसं चुकतात, फसतात, मरतात, आणि लेखक ते सांगायला कचरत नाही, अशी पुस्तकं माझी.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं, आणि अक्षर नेमकं मधेच असतं. तेव्हापासून धाकटी लेक कामावरून आली की मला तासभर वाचून दाखवते. ती लॅबमध्ये रक्त काढते, दिवसाला साठेक जणांना सुया टोचते. मार्चमध्ये आमचे हे गेले, तेव्हाही तिने आठवडाभरच खंड पाडला. मी येईल त्याला तिचं कौतुक ऐकवत होते.

"त्या मास्तरांची कादंबरी काल संपवली," बाइंडर म्हणाला. "त्यांचं मरण वाचून घास उतरला नाही बघ."

"कसलं मरण? ते बरे होऊन मुलीकडे राहायला जातात."

तो हसला. "म्हातारे, तू कोणतं पुस्तक वाचलंस? शेवटची चाळीस पानं ते मरतच असतात."

मग मी मार्चनंतरचं एकेक पुस्तक विचारत गेले. नावाड्याचा बाप? बुडाला. शिंपिणीचा नवरा? तापाने गेला. माझ्याकडे सगळे ठणठणीत होते. जन्मभर मी लोकांनी गाळलेली अक्षरं पकडली, आणि माझ्याच घरात पानंच्या पानं गळत होती तर मला पत्ता नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी धाकटीला मी चप्पल काढायचीही उसंत दिली नाही.

"मास्तर मेले का?"

ती दारातच थांबली. "बाइंडरकाकांनी सांगितलं?"

"म्हणजे मेले."

"आई, बाबांना जाऊन महिनाच झाला होता तेव्हा. तुला त्रास झाला असता."

"मी विचारलं होतं तुला? डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली. मी काय सोसायचं ते तू ठरवणार? आणि वर स्वतःच्या पदरचे शेवट घातलेस."

मी पुस्तक तिच्या पुढ्यात आपटलं. "वाच. जसं आहे तसं."

तिने पान काढलं. मास्तर पाणी मागतात, घोट ओठांतून परत येतो, श्वास घशात अडकतो. चार ओळी झाल्या आणि रोज साठ जणांना सुया टोचणाऱ्या माझ्या लेकीने पुस्तक मिटलं.  

आणि माझा राग एकदम दुसरीकडेच वळला. हे गेले त्या सकाळी मी दवाखान्यातून आंघोळीला घरी आले होते. त्यांच्यापाशी ती एकटीच होती. फोनवर मला म्हणाली, झोपेतच गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. नऊ महिने मी त्या एका वाक्यावर काढले होते.

"बाबांचंही तू मला असंच वाचून दाखवलंस," मी म्हणाले.

 मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"आता तेही सांग. आणि एक शब्दही गाळायचा नाही."

ती खाली जमिनीवर बसली. पर्स अजून खांद्यालाच होती.

"ते झोपले नव्हते," ती म्हणाली. "तू कुठे आहेस म्हणून विचारत होते. मी म्हटलं, आलीच, जिन्यात आहे. तीनदा विचारलं त्यांनी. मी तीनदा तेच सांगितलं."