पोटातली सुई

रंजिताचं रक्त संडासवाटे जात होतं, आणि डॉक्टरांनी रक्त पातळ करायची इंजेक्शनं लिहून दिली होती. कोरीटच्या शोभाबाईच्या डोक्यात हे काही केल्या शिरेना. लेकीच्या मोठ्या आतड्याला सूज, नंदुरबारच्या दवाखान्यातून नुकतीच माहेरी आणलेली. निघताना नर्सनं बजावलं होतं, या दुखण्यात रक्ताच्या गुठळ्या होतात, पोटात रोज एक सुई, चुकवायची नाही. जावई हेमकांत खापरच्या शाळेवर मास्तर, तो रविवारी यायचा. सुईचं काम शोभाबाईनं अंगावर घेतलं.

"रगत आधीच वाही ऱ्हायनं, आखो पातळ कसाले?" असं पुटपुटत ती औषध मोरीत पिचकारायची आणि रिकामी सुई लेकीच्या पोटाला टोचायची. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून तेवढं नाटक. माया आंधळी झाली की काय करून बसेल, काही नेम नाही.

मग रंजिताचा डावा पाय सुजला. "पाय ठनकी ऱ्हायना, माय," ती म्हणाली. पडून पडून आखडला असेल, म्हणून शोभाबाईनं तेल कोमट केलं आणि पोटरी चांगली दाबून चोळली. लेकीला झोप लागली, तेव्हा हिला धन्य वाटलं.

सकाळी संडासला उठलेली रंजिता दारातच कोसळली. श्वास पुरेना. तिला पुन्हा नंदुरबारला नेलं. निरोप मिळताच हेमकांत थेट दवाखान्यात आला.

"सुया चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज. मामी स्वतः देत होत्या," हेमकांत सासूकडं बघत म्हणाला.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. मग ही गुठळी नसेल, अंगातलं रक्त फार कमी झालं असेल, असं ते नर्सला सांगू लागले. शोभाबाई हे ऐकत होती. बोलावं तर लेकीसमोर मान वर करायची सोय नाही, आणि गप्प बसावं तर लेक चालली.

"नाई दिधी," ती म्हणाली. "एक बी नाई दिधी."

ऑक्सिजनच्या मास्कआडून रंजितानं आईकडं पाहिलं. डॉक्टर धावले, सगळं केलं, पण गुठळी फुप्फुसात जाऊन बसली होती. दुपारच्या आत खेळ आटोपला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेमकांत सांगायचा, दुखणंच वाईट होतं, मामींनी जिवापाड केलं. त्यानं एकदा तरी शिव्या घालाव्यात म्हणून शोभाबाई त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. तो ताट पुढं सरकवायचा. "मामी, दोन घास खाई ल्या," एवढंच म्हणायचा.