विनिफ्रेडची बरणी

"उजेडाकडे धर की नीट," डोरीन म्हणाली. क्लेमेंटने मेहुणीचं ऐकून बरणी खिडकीशी नेली. आतल्या आल्डर झाडाच्या सुकलेल्या पानावर तांदळाच्या कणीएवढा पतंग मरून पडला होता.

ते पान त्याच्या बायकोने, विनिफ्रेडने, ऑक्टोबरात दलदलीतून आणलं होतं. पानाच्या दोन पापुद्र्यांमधलं अळीने पोखरून केलेलं घर पतंगाच्या दुर्मिळ जातीचंच, असा तिचा हट्ट. इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यातली असली पानं तपासून नोंद घ्यायची की नाही, हे क्लेमेंट ठरवी. त्याचं उत्तर ठरलेलं: दोन जातींची घरं सारखीच दिसतात, पतंग बाहेर पडू दे, मग बोलू.

"बायकोलाही सूट नाही?" ती हसली होती. नोव्हेंबरात ती गेली.

अशी बरणी हिवाळाभर बाहेर थंडीतच ठेवायची, नाहीतर पतंग अवेळी बाहेर पडतो, हे त्यानेच अर्ध्या परगण्याला शिकवलेलं. पण दफनाहून परतल्यावर पडवीतल्या गारठ्यात ती एकटी बरणी बघून त्याला राहवेना. त्याने ती विनिफ्रेडच्या पलंगाच्या उशाशी, शेगडीच्या उबेत आणून ठेवली. जानेवारीत त्याला आवाज येऊ लागला. कागदावर कुणी नखाने हळूच खरवडावं तसा. विनीच घरात वावरतेय, अशी त्याची खात्री पटली. "आहे गं मी इथेच," तो म्हणायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. बरणीचं कागदी झाकण उघडून बघायचं त्याला सुचलंच नाही.

आता मार्च. आपटून आपटून पतंगाच्या पंखांवरच्या पट्ट्या झडलेल्या, पोट किड्यांनी खाल्लेलं; जात ओळखावी असं काही उरलं नव्हतं.

"तो आवाज ह्याचा होता, डोरीन. मी ऐकत होतो आणि उठलो नाही." त्याला रडू फुटलं.

डोरीनने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "टाक लिहून दुर्मिळ म्हणून. ताईच्या नावावर असली एक तरी नोंद राहील. कोण बघायला येतंय?"

"तीच येईल. माझ्या नियमांना हसायची, पण खोटी नोंद एक केली नाही तिने."

"मुलखाचा हेकट आहेस!"

नोंद नाकारली की नमुना आणणाऱ्याला कारण पत्राने कळवायचं, ही त्याची रीत. त्याने लिहिलं: 'श्रीमती विनिफ्रेड थर्टल यांस, नमुना ओळखता येत नाही. चूक तपासणाऱ्याची.' पाकिटावर तिचं नाव आणि आपल्याच घराचा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दाराच्या फटीतून आत पडलं. क्लेमेंट पायपुसण्यापाशी थांबला, पाकिटावरचं नाव वाचलं, आणि ते तिच्यासाठी तसंच ठेवून, पाय न लावता बाजूने निघून गेला.